दोनशे पंचावन्नचे चार टायर

माझे वालिद मुज्तबा टायरवाले. नांदेडला लातूर रोडवर त्यांनी दुकान टाकलं तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. धंद्यात त्यांचे दोनच नियम. चाकाला सोसेल तेवढाच टायर बसवायचा, आणि बसवला की गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून विष्णुपुरीपर्यंत एक चक्कर मारून यायची. ज्यानं टायर बसवला त्याचाही जीव त्या टायरवर बसला पाहिजे, असं ते म्हणत. ट्रकवाले वैतागायचे, पण चक्कर व्हायचीच. वालिद गेले, दुकानावर नाव त्यांचंच राहिलं, आणि मी, त्यांचा एकुलता एक मुलगा जिलानी, दोन्ही नियम सांभाळत पन्नाशीला आलो. पहिला नियम मी मोडला तो लातूरमुळे.

मोडायचं निमित्त झाला सुदर्शन. लोह्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचं गाव. बाप शेषेराव, हाडाचा शेतकरी. त्यांच्या बारा एकरांतले चार एकर चौपदरी रस्त्यात गेले. मोबदल्याच्या पैशातून बाकीच्यांनी बंगले बांधले, मंगल कार्यालयं काढली. सुदर्शननं हैदराबादहून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, बसायला दोनच जागा, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की गावातल्या गतिरोधकावर तिरकी चढवावी लागे. बापाचं शेत ज्या रस्त्याखाली गेलं त्याच रस्त्यावर पोरगं ती पळवायचं. गावातले लोक म्हणायचे, शेषेरावांनी शेत सोडलं नाही, नुसतं पीक बदललं.

सोयाबीन निघून गेल्यावर एका सकाळी सुदर्शन ती गाडी घेऊन दुकानात आला. गाडीबरोबर आलेल्या चाकांवरच त्याला दोनशे पंचावन्नचे टायर हवे होते. कुठल्या तरी व्हिडिओत त्यानं पाहिलं होतं. गाडी मागून रुंद दिसते, रस्ता पकडून धरते, वगैरे वगैरे.

मी त्याला शांतपणे समजावलं, म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. कंपनीनं दिलेली ही अलॉयची चाकं साडेसात इंच रुंद. त्यांवर सव्वादोनशे मिलिमीटरचा टायर येतो. कंपनीतली माणसं खुळी नसतात. त्याच चाकावर दोनशे पंचावन्नचा चढवला तर त्याच्या कडा आत खेचल्या जातात, पोट बाहेर येतं, आणि रस्त्यावर टेकतो तो फक्त मधला पट्टा. म्हणजे दिसायला रुंद आणि टेकायला अरुंद. शिवाय स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतून मडगार्डला घासणार. एवढीच हौस असेल तर रुंद चाकं मागव, मग त्यावर हवा तेवढा टायर घाल.

रुंद चाकं यायला दीड महिना लागणार होता आणि सुदर्शनकडे तेवढा वेळ नव्हता. तुळशीच्या लग्नानंतर किल्लारीला त्याचा साखरपुडा होता. मुलगी सृष्टी, लातूरच्या एका कॉलेजात शिकवायची, सगळं उत्तम. पण तिचा भाऊ फोनवर थट्टेत म्हणाला होता की नांदेडची माणसं किल्लारीला यायला अर्धा दिवस लावतात. त्यावर सुदर्शननं सांगून टाकलं, दहाला निघतो आणि बाराला मांडवात. भावानं ते दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आता सगळी किल्लारी बारा वाजता वेशीवर उभी राहणार होती. नांदेड ते किल्लारी एकशे ऐंशी किलोमीटर, मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, आणि प्रत्येक ठिकाणी रस्त्यावर म्हशी. जीपला चार तास लागतात.

वळताना टायर घासणार, हे मी पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"चाचा, वळायचं कुणाला हाय?" तो म्हणाला. "रस्ता सरळ हाय."

मी नाही म्हणालो. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून त्याला घालवला असता. तो नुसता किल्ली बोटावर फिरवत म्हणाला, "बरं. मग लातूरला जातो. तिथं बसवून देतात म्हणं."

नांदेड आणि लातूरचं काय आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. विभागीय आयुक्तालय कुणाकडे यावरून आम्ही इतकं भांडलो आहोत की उद्या ते कुणालाच नको झालं तरी भांडण चालू राहील. त्यात एकदा टायरवाल्यांच्या बैठकीत लातूरच्या एका दुकानदारानं सर्वांसमोर म्हटलं होतं की नांदेडवाल्यांना हवा भरण्यापलीकडे काय येतं. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी विसरलो नव्हतो.

मी सुदर्शनला म्हणालो, मागव टायर.

चार दिवसांनी टायर आले आणि मी ते बसवले. कसे बसवले ते माझ्या मनगटांना विचारा. कड चाकावर बसेना. साबणाचं पाणी लावलं, हवेचा दाब वाढवत नेला, आणि शेवटी असा आवाज करून ती बसली की समोरच्या हॉटेलातला माणूस कप टाकून बाहेर आला. चारही टायर चाकांवर पोट सुटल्यासारखे दिसत होते. सुदर्शन मात्र मागून, बाजूनं, वाकून फोटो काढत होता. जुने टायर त्यानं माझ्याच दुकानात मागच्या भिंतीशी ठेवायला सांगितले.

टायरखाली ठेवायला चार लिंबं आणि एक नारळ घेऊन शेषेराव मुद्दाम आले होते. धोतर, पांढरी टोपी, साठीचं अंग, आणि हातातली पिशवी खाली न ठेवण्याची सवय. पोरगा फोटोत गुंतलेला पाहून ते माझ्याजवळ आले.

"एकच पोरगं हाय, भाई," ते म्हणाले. "दोन तासांत किल्लारीला जातो म्हणून राहिलाय. हे टायर त्याला धरून ठिवतील का?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते दिलं तर पुढचा प्रश्न आला असता की मग बसवले कामून. मी म्हणालो, "धरतील."

त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी विचारलं की नांगरटीच्या आधी ट्रॅक्टरच्या चाकांत पाणी भरतात, त्यानं वजन येतं आणि चाक जागा सोडत नाही, तसं या गाडीला करता येईल का. मी हसलो. नुसता हसलो नाही, दुकानात बसलेल्या तीन गिऱ्हाइकांना ते परत सांगितलं, मग तेही हसले. शेषेरावही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. माझा स्वभाव वाईट आहे तो असा.

मग दुसऱ्या नियमाप्रमाणे मी सुदर्शनच्या शेजारी बसलो. विष्णुपुरीला विद्यापीठाच्या कमानीपर्यंत गेलो आणि परत आलो. जाताना काटा एकशे तीसवर होता. मला जेवढ्या दुआ येतात तेवढ्या संपल्या आणि कमान अजून यायची होती. उतरल्यावर मी त्याला बरंच काही बोललो. त्यानं विचारलं, टायर कसे वाटले.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा माझी बायको साबेरा म्हणाली, दुसऱ्याच्या पोराला वेगावरून बोलतोस, आधी आपल्या पोरीच्या स्कूटीचं बघ. ते प्रकरण असं. आमची आलिया विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात जाते, त्याच रस्त्यानं, त्याच ट्रकांमधून. तिच्या स्कूटीच्या ॲक्सिलरेटरच्या वायरीला मी एक छोटी अडकण घालून ठेवली आहे. चाळीसच्या पुढे ती जात नाही. आलियाला वाटतं कंपनीचाच दोष आहे. मीही तिच्यासमोर कंपनीला नावं ठेवतो. साबेराला तेवढं माहीत आहे आणि ती ते योग्य वेळी काढते.

आठवडा गेला आणि सुदर्शन परत आला. गाडी थरथरत होती. पन्नासपर्यंत ठीक, साठला स्टेअरिंग हातात नाचायला लागे, सत्तरला दात वाजत. मी चाकं काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली. मशीन एकदा म्हणालं, इथे चाळीस ग्रॅम शिसं लावा. लावलं. परत फिरवलं तर म्हणालं, पलीकडच्या बाजूला साठ. तेही लावलं. तिसऱ्यांदा तिसरीच जागा. मशीन बिघडलं असावं म्हणून मी एका रिक्षाचं, एका जीपचं चाक लावून पाहिलं, तर ती बरोबर. चाकं उचलताना माझी कंबर धरली, पण टायर रुंद म्हणून जड, आणि वय पन्नास, अशी मी समजूत घातली.

खरं कारण असं की आपण चुकलो आहोत याची मला इतकी खात्री होती की दुसऱ्या कुणाची चूक शोधायचं सुचलंच नाही. साडेसातच्या चाकावर दोनशे पंचावन्नचा टायर. थरथरणारच. वालिदांचा फोटो भिंतीवरून बघत होता. मी तीनदा ती गाडी दुरुस्त करून सोडली आणि तीनदा ती परत आली. बाजारात बोललं जायला लागलं. मध्ये एकदा सुदर्शन लातूरला जाऊन आला. तिथल्या दुकानातही ती दुरुस्त झाली नाही, हे ऐकून मला जो आनंद झाला तो कबूल करायला हरकत नाही. पण त्या दुकानदारानं सांगून पाठवलं होतं की बसवणाराच अडाणी असेल तर आम्ही काय करणार. त्यानंतर दोन दिवस मी घरात कुणाशी बोललो नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी बापलेक दोघं आले. सुदर्शन शिंप्याकडून कोट आणायला गेला. जाताना म्हणाला, "चाचा, आज निघालं तर निघालं. न्हाई तर उद्या किल्लारीत माझं तोंड काळं." शेषेराव बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी ठरवलं, चारही टायर मुळापासून उतरवायचे. गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि हवा सोडायला व्हॉल्वची पिन काढली.

हवेऐवजी पाण्याची चिळकांडी आली. सरळ तोंडावर. चष्मा, दाढी, सदरा, सगळं ओलं. मी दुसऱ्या चाकाची पिन काढली. तिथेही पाणी. मी सदऱ्यानं चष्मा पुसला आणि बाकड्याकडे पाहिलं. शेषेराव पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते.

"दादा, हे काय?"

"आमच्या हिरीचं हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. देगलूरकडचा संगप्पा म्हणून एक माणूस दरवर्षी गावोगाव फिरून ट्रॅक्टरच्या चाकांत पाणी भरून देतो. यंदा तो आला तेव्हा सुदर्शन जेवून झोपला होता, ट्रॅक्टरच्या शेजारीच लाल गाडी उभी होती आणि मोटार चालू होती. शेषेराव संगप्पाला म्हणाले, अजून चार चाकं हायेत. त्यानं काही न विचारता पिन काढून अर्धी अर्धी भरून दिली. वर चाक लहान आहे म्हणून कौतुकही केलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. बॅलन्सिंग करून करून माझा जीव जात होता, तेव्हा तरी.

"पयल्यांदा विचारलं तवा तुमी हसले. म्हून मग विचारलं न्हाई."

मी ओल्या सदऱ्यानं तसाच बसून राहिलो. शेषेराव बाकड्यावरून उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनीही धोतर सावरून उकिडवं बसून घेतलं.

"वजन असलं की गाडी उडत न्हाई, येवढंच मला ठावं," ते हळू आवाजात म्हणाले. "पर ती थरथरायली. साठच्या पुढं जाईना. पोरगं दिवस मावळायच्या आत घरी येऊन राहिलंय, भाई. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की आधी मी उठून बसत हुतो. आठ दिस झाले, झोपतो. मी कशाला सांगू?"

आणि मग त्यांनी मागितलं ते हेच. उद्याच्या दिवस पाणी राहू द्या. किल्लारीला जाऊन आला की काढा.

सांगायला सोपं आहे. पाणी ठेवलं तर उद्या लातूर जिल्ह्यात जाहीर होणार की नांदेडच्या जिलानीनं नवरदेवाच्या गाडीची वाट लावली. तेही मी सोसलं असतं, खोटं कशाला बोलू, कदाचित सोसलं असतं. पण पोरगं इरेला पेटून त्याच थरथरत्या गाडीनं नव्वद-शंभरवर गेलं तर ते पाणी त्याला धरणार नव्हतं, खड्ड्यात घालणार होतं. बापानं ज्या भीतीनं पाणी भरलं, तेच त्या पाण्यानं झालं असतं. आणि पाणी काढून ते पोट सुटलेले टायर ठेवले तर तो माझा गुन्हा. म्हणजे सरळ काम एकच. पाणी काढायचं, कंपनीचे जुने टायर परत चढवायचे. मग गाडी दीडशेलाही थरथरणार नाही, आणि सुदर्शन ती दीडशेनंच नेणार.

मी सरळ काम केलं. चार चाकांतून निघालेली विहीर दुकानासमोरून ओघळत लातूर रोडला मिळाली. मागच्या भिंतीशी ठेवलेले जुने टायर चढवले. मशीननं पहिल्याच फेरीत शून्य दाखवलं. इतकं चोख काम करून इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. शेषेराव सगळं बघत उभे होते.

"आता किती पळंल?" त्यांनी विचारलं.

"पाहिजे तेवढी."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर रागावले नाहीत, पिशवी सावरत परत बाकड्याकडे निघाले. त्यांची ती पाठ बघितली आणि वालिदांचा दुसरा नियम मला आठवला. आठवला म्हणजे काय, तो माझ्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता, पण तो फक्त टायरवाल्यासाठी आहे असं मी समजत होतो.

मी म्हणालो, "दादा, वजनच पाहिजे ना? मग तुम्ही बसा."

त्यांना कळलं नाही. मी समजावलं. उद्या तुम्ही जीपमधून जाणार आहात, आणि गाडीत शेजारी त्याचा कुणीतरी मित्र मोबाइलवर शूटिंग करायला बसणार आहे. त्या जागेवर तुम्ही बसा. शेषेराव म्हणाले, गाडी आणल्यापासून मी एकदाही तिच्यात बसलो नाही, त्यानं बस म्हटलं नाही आणि मला त्यात शिरता येत नाही. शिरायचं मी शिकवतो, म्हणालो. दुकानासमोर आम्ही अर्धा तास तालीम केली. पहिल्यांदा ते डोकं आधी घालून गेले आणि अडकले. दुसऱ्यांदा धोतर दारात राहिलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं तसं पाठमोरे होऊन आधी बूड टेकलं, मग पाय उचलून आत घेतले आणि पिशवी मांडीवर. टोपी छताला लागत होती, ती काढायला ते तयार नव्हते.

सुदर्शन कोट घेऊन आला तेव्हा बाप गाडीत बसलेला होता आणि चाकांवर जुने टायर होते. दोन्हीपैकी कशावर आधी बोलावं हे त्याला कळेना. मी त्याला म्हणालो की टायर मी चुकीचे बसवले होते, चूक माझी, म्हणून काढले, गाडी आता नव्यासारखी चालेल. ही वाक्यं मी गिऱ्हाइकासमोर जन्मात पहिल्यांदा बोललो. पाण्याबद्दल बोललो नाही. शेषेराव काचेतून माझ्याकडे बघत होते. मग मी सांगितलं की या दुकानाचा नियम आहे, टायर बसवला की शेजारी माणूस बसतो. एरवी मी बसतो, पण लांबचा रस्ता आहे आणि मला दुकान सोडता येत नाही. तेव्हा दादा बसतील. नियम मोडायचा असेल तर टायर परत उतरवतो.

सुदर्शननं बापाच्या टोपीकडे पाहिलं. "बाबा," तो म्हणाला, "पिशव्या न्हाई घ्यायच्या."

"येकच घेतो," शेषेराव आतून म्हणाले.

वेळ नांदेडपासून मोजायची म्हणून दुसऱ्या दिवशी दहाला ते नांदेडात येऊन निघाले. दुकानासमोरून जाताना सुदर्शननं हॉर्न दिला. पुढची सीट मागे सरकवलेली, टोपी तरी छताला टेकलेली. बारा वाजले, मी घड्याळ पाहिलं. एक वाजता फोन केला, उचलला नाही. दीडला परत केला. अहमदपूरकडून आलेल्या एका ट्रकवाल्याला मी वाटेत लाल गाडी दिसली का विचारलं आणि विचारताना माझा आवाज कसा निघाला ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सव्वादोनला मोबाइलवर एक फोटो आला. किल्लारीचा मांडव, लाल गाडी, तिच्यासमोर फेटा बांधलेले शेषेराव, शेजारी तोंड पाडून नवरदेव. सव्वाचार तास. जीप त्यांच्या आधी पोहोचली होती. शेषेरावांनी लोह्यात चहा घ्यायला लावला, अहमदपुरात एका नातेवाइकाला वाटेतच भेटून घेतलं, चाकूरला लघवीला थांबवलं आणि औशाला पिशवीतल्या भाकरी काढल्या. मेव्हण्यानं भर मांडवात घड्याळ दाखवलं म्हणे. मी तो फोटो बाजारात येईल त्याला दाखवला आणि त्या दिवशी दोन पंक्चर फुकट काढले.

पाचव्या दिवशी शेषेराव एकटेच दुकानात आले. जीपनं आले. पिशवीतून साखरपुड्याचे लाडू काढून बाकड्यावर ठेवले. मी चहा सांगितला आणि मोठ्या ऐटीत विचारलं, येतानाही साठनंच आले ना.

"हाव," ते म्हणाले. "लोह्यापर्यंत."

"आणि पुढं?"

ते जरा ओशाळले. "पुढं आमचं शेत लागलं. म्हंजी जिथं शेत हुतं तो रस्ता. मोकळा हुता. मीच म्हणलं, दाब."

मी चहाचा कप खाली ठेवला. काटा दीडशेवर गेला होता, त्यांनी तो वाकून पाहिला होता. मला मनापासून राग आला. मी माझीच बिनपाण्यानं हजामत करून घेतली, त्या पोरासमोर चूक पत्करली, दिवसभर जीव टांगून ठेवला, आणि हा माणूस स्वतःच म्हणतो दाब. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"येवढी जमीन कशासाठी नेली, ते तरी बघावं म्हणलं," ते म्हणाले.

"आणि भ्या?"

"शेजारी बसल्यावर भ्या न्हाई वाटत, भाई. भ्या घरी बसणाऱ्याला."

ते गेले. मी दुपारपर्यंत गिऱ्हाइकांवर विनाकारण ओरडत होतो. मग दुकान लवकर बंद करून घरी आलो. आलिया कॉलेजातून येऊन अंगणात चहा पीत होती. मी तिच्या स्कूटीशी बसलो, हँडलखालचं झाकण उघडलं आणि वायरीवरची अडकण पक्कडीनं काढून खिशात घातली. आलिया कप घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. ती काय आहे हे तिला जूनपासूनच माहीत होतं, असं तिनं सांगितलं. वर्गातल्या एका मुलीनं पाहताक्षणी ओळखलं होतं. मग काढली का नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, अम्मी सांगते की मी कॉलेजातून येईपर्यंत तुम्ही दुकानात हिशेबाचे आकडेसुद्धा नीट मांडत नाही. म्हणून राहू दिली.

मी बराच वेळ ते झाकण बसवत राहिलो. एकच स्क्रू होता. मग तिला म्हणालो की दुकानाचा नियम आहे, चाकाला हात लावला की चक्कर मारावी लागते, चल विष्णुपुरीपर्यंत. आणि तिच्या मागे बसलो.

रस्त्याला लागल्यावर तिनं चाळीस ओलांडले, पन्नास ओलांडले. एक ऊस भरलेला ट्रॅक्टर मागे टाकला, एक एसटी मागे टाकली. मी मागच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होतो. शेषेराव खोटं बोलले होते. शेजारी बसूनही भीती वाटते, आणि मागे बसलं तर काटासुद्धा नीट दिसत नाही. कमानीपाशी आलियानं वेग कमी केला आणि मान वळवून विचारलं, फिरवू का परत. मी म्हणालो, अजून थोडं पुढे चल.